अर्ज भरून झाला, पण संगणकावर काय राहिलं?

इंदूरच्या भंवरकुआँ चौकातून आत वळलं की कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या खालोखाल डोळ्यांत भरतात त्या ‘एमपी ऑनलाइन’च्या पाट्या. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं मुख्यालय याच शहरात, देवी अहिल्या विश्वविद्यालयही इथलंच. त्यामुळे खरगोन, खंडवा, बडवानी, बुऱ्हाणपूरकडची मुलं इथे खोली घेऊन राहतात आणि परीक्षेचे, प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज या दुकानांतून भरतात. २००६ साली मध्य प्रदेश सरकार आणि टीसीएस यांनी मिळून एमपी ऑनलाइन ही कंपनी काढली, आणि सरकारी कामाची खिडकी कचेरीतून उठून गल्लीतल्या दुकानात आली. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरातल्या मराठी घरांतली मंडळीही समग्र आयडीच्या केवायसीसाठी, नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी अशाच एखाद्या दुकानाची पायरी चढतात.

तिथलं काम सगळीकडे सारखंच. तुम्ही मार्कशीट, आधार, जातीचा दाखला, फोटो असं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा पेनड्राइव्हवर देता. दुकानदार ते संगणकावर उतरवून घेतो, फोटो छोटा करतो, अर्ज भरतो, फी भरतो, प्रिंट काढतो. तुम्ही पैसे देऊन बाहेर पडता आणि त्याच खुर्चीसमोर पुढचा माणूस येतो. तुमचे किती कागद त्या संगणकात राहिले, याचा विचार त्या गर्दीत कोणाच्या मनात येत नाही. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: “भिया, हिस्ट्री साफ कर दी.” दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याने खरोखरच हिस्ट्री पुसलेली असते. पण हिस्ट्री म्हणजे भेट दिलेल्या पत्त्यांची यादी. यादी पुसली म्हणून कागद जात नाहीत. ते कुठे राहतात, कसे शोधायचे आणि त्यातले कोणते पुसायचे, हे सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत फारसं कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी कॅशेबद्दल बोलू. एखादं संकेतस्थळ उघडलं की समोर एक पान दिसतं, पण ते एकसंध येत नाही. मजकूर वेगळा, वरचं बोधचिन्ह वेगळं, अक्षरांचे फाँट वेगळे, बटणं चालवणारा प्रोग्रॅम वेगळा. साध्या पानाचेही साठ-सत्तर तुकडे होतात. त्यातले बरेचसे तुकडे त्या संकेतस्थळाच्या प्रत्येक पानावर तेच असतात. ब्राउझर ते एकदा आणतो आणि आपल्या संगणकाच्या डिस्कवर ठेवून देतो. पुढचं पान उघडताना फक्त नवा मजकूर मागवतो, बाकीचं घरातलंच वापरतो. इंदुरी घरात पोह्यांवर भुरभुरायची शेव डब्यात भरलेली असते, रोज सकाळी ती आणायला कोणी सराफ्यात जात नाही. कॅशे म्हणजे तो डबा.

हा डबा का लागला, ते जुन्या काळाकडे पाहिलं की पटतं. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. पुढे टेलिफोनच्या तारेवर चालणारे जे मोडेम घरोघरी आले, त्यांचा सर्वाधिक वेग सेकंदाला ५६ किलोबिट. म्हणजे १०० किलोबाइटचं एक चित्र यायला, ओळ अगदी स्वच्छ असली तरी, १४-१५ सेकंद. वर टेलिफोनचं बिल मिनिटामिनिटाला चढतंय. तेच बोधचिन्ह प्रत्येक पानावर पुन्हा मागवणं तेव्हा परवडणारंच नव्हतं. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने विंडोजमध्ये एक फोल्डर राखून ठेवला, ‘टेम्पररी इंटरनेट फाइल्स’. नावात टेम्पररी असलं तरी त्यातल्या फाइली आठवडेच्या आठवडे पडून राहत.

आज फायबर घरात आली, मग डबा कशाला, असं कोणी विचारेल. उत्तर अंतरात आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. इंदूर ते मुंबई रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या आसपास. मागणी जाऊन उत्तर यायला तेवढ्या तारेवर किमान ६ मिलिसेकंद लागणारच. सर्व्हर, म्हणजे पान पाठवणारा संगणक, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर हाच हिशेब सव्वाशे मिलिसेकंदांच्या पुढे जातो, आणि त्यात वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरलेलाच नाही. एका पानासाठी अशा कितीतरी फेऱ्या होतात. इंटरनेटचा प्लॅन कितीही महाग घ्या, प्रकाशाचा वेग वाढत नाही. जो तुकडा स्वतःच्या डिस्कवर आहे त्याची मात्र फेरीच वाचते. शिवाय अर्जाच्या शेवटच्या तारखेला सर्व्हरवर लाखो लोक तुटून पडतात, तेव्हा प्रत्येकाच्या संगणकाने थोडं थोडं घरचं वापरलं तर सर्व्हरचा श्वास मोकळा राहतो.

कोणता तुकडा किती दिवस ठेवायचा, हे ब्राउझर मनाने ठरवत नाही. सर्व्हर प्रत्येक तुकड्याबरोबर एक सूचना पाठवतो. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्या एचटीटीपीच्या १९९७ मध्ये आलेल्या १.१ या आवृत्तीने हे नियम नीट बांधून दिले, आणि त्यांची ताजी सुधारणा जून २०२२ मधली आहे. सूचनेत मुदत सेकंदांत लिहिलेली असते. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे एक दिवस. मुदत संपली तरी ब्राउझर तुकडा लगेच फेकत नाही. तो सर्व्हरला त्या तुकड्याची खूण दाखवून विचारतो, ‘माझ्याकडे ही प्रत आहे, अजून चालेल का?’ काही बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ क्रमांकाचं छोटंसं उत्तर देतो, ‘बदल नाही’, आणि जुनीच प्रत पुन्हा कामाला लागते.

अर्ज भरणाऱ्यांना रोज छळणारी एक अडचण इथूनच निघते. निकाल लागल्याची बातमी आली, शेजारच्या मोबाइलवर यादी दिसतेय आणि दुकानातल्या संगणकावर मात्र कालचंच पान. सर्व्हरने मुदत लांब दिलेली असते, त्यामुळे ब्राउझर सर्व्हरकडे जातच नाही. अशा वेळी सगळा कॅशे रिकामा करायची काहीच गरज नसते. कंट्रोल आणि एफ-५ ही बटणं एकदम दाबली की ब्राउझर डब्याकडे न बघता तेवढं पान नव्याने आणतो. कंट्रोल, शिफ्ट आणि आर यांनीही क्रोम, एज, फायरफॉक्स या तिन्हींत हेच होतं. दहापैकी नऊ वेळा काम तिथेच संपतं.

सर्व्हरच्या सूचनांत दोन शब्द असे आहेत की त्यांच्यातला फरक संकेतस्थळं बनवणाऱ्यांनीही विसरू नये. ‘नो-कॅशे’ म्हणजे प्रत ठेवली तरी चालेल, पण दर वेळी वापरण्याआधी मला विचार. ‘नो-स्टोअर’ म्हणजे प्रत ठेवूच नकोस. खाजगी माहितीच्या पानांना दुसरी सूचना हवी. ज्या संकेतस्थळाने भरलेल्या अर्जाच्या पानाला किंवा प्रवेशपत्राच्या पीडीएफला ती लावलेली नाही, त्याची प्रत ब्राउझर आज्ञाधारकपणे डिस्कवर ठेवतो. लॉगआउट झाल्यावर पुढच्या माणसाने ‘मागे’चं बटण दाबलं आणि आधीच्याचा अर्ज नाव-पत्त्यासकट समोर आला, असं होऊ शकतं ते याच कारणाने. यात दुकानदाराचा दोष नाही, ब्राउझरचाही नाही. दोष पान बनवणाऱ्याचा. लोकांचे आधार क्रमांक हाताळणाऱ्या प्रत्येक पानावर ही एक ओळ असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. ती लिहायला पैसे पडत नाहीत.

आता या फाइली प्रत्यक्ष शोधू. विंडोज ९८ मध्ये ‘टेम्पररी इंटरनेट फाइल्स’ हा फोल्डर सरळ विंडोजच्या फोल्डरात होता. एक्सपीत तो वापरणाऱ्याच्या नावाखाली ‘लोकल सेटिंग्ज’मध्ये गेला. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये ‘अ‍ॅपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात शिरला आणि विंडोज ८.१ पासून पुढे त्याचं नावच बदलून ‘आयनेटकॅशे’ झालं. म्हणून जुन्या पुस्तकातल्या वाटेने आज शोधलं की हाती काही लागत नाही. आजच्या संगणकावर सोपी वाट अशी: विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. ‘रन’ची छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजी अक्षरांत शेल, लगेच कोलन, लगेच कॅशे, असं जागा न सोडता लिहून एंटर मारा. आयनेटकॅशे समोर येईल.

इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला काढून घेतला, तरी हा फोल्डर रिकामा नसतो. विंडोजचे काही जुने भाग अजून तो वापरतात. कचेऱ्यांत चालणारं जुन्या पद्धतीचं आउटलुक तर ई-मेलला जोडून आलेली फाइल तुम्ही नुसती उघडून पाहिलीत तरी तिची प्रत याच फोल्डरच्या पोटातल्या ‘कंटेंट डॉट आउटलुक’ नावाच्या उपफोल्डरात ठेवतं. ई-मेल पुसला म्हणजे पगारपत्रक गेलं, असं समजणाऱ्यांनी एकदा तिथे डोकावून बघावं.

पण बहुतेकांचा ब्राउझर आज क्रोम असतो, आणि क्रोमचा आयनेटकॅशेशी काही संबंध नाही. इथे एक मोठा गैरसमज आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजखाली तात्पुरत्या फाइलींची यादी असते, तिच्यात ‘टेम्पररी इंटरनेट फाइल्स’ असं जुनंच नाव दिसतं. त्यासमोर खूण करून पुसलं की इंटरनेटचं सगळं साफ झालं, असं लोकांना वाटतं. साफ झालेला असतो तो हा जुना फोल्डर. क्रोमचा डबा तसाच भरलेला राहतो.

क्रोमपर्यंत जायचं तर त्याच ‘रन’च्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘लोकलअ‍ॅपडेटा’ हा सलग शब्द लिहा, त्याच्या आधी आणि नंतर एकेक टक्क्याचं चिन्ह द्या आणि एंटर मारा. मग गूगल, क्रोम, यूजर डेटा, डिफॉल्ट, कॅशे, कॅशे डेटा असं एकात एक उतरत जा. एजसाठी सुरुवात मायक्रोसॉफ्ट, एज अशी, पुढची वाट तीच. फायरफॉक्ससाठी मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स, मग काहीतरी विचित्र अक्षरांनी सुरू होणारा प्रोफाइलचा फोल्डर, त्यात ‘कॅशे२’ आणि त्यात ‘एंट्रीज’. ब्राउझरमध्ये एकाहून अधिक प्रोफाइल असतील तर ‘डिफॉल्ट’च्या शेजारी ‘प्रोफाइल १’, ‘प्रोफाइल २’ असे फोल्डर दिसतील, आणि प्रत्येकाचा कॅशे वेगळा.

आत गेल्यावर बरेच जण हिरमुसतात. ओळखीचं नाव एकही नाही. क्रोममध्ये एफ, मग खालची रेघ, मग आकडे-अक्षरं, अशा बिननावाच्या फाइलींची रांग लागलेली. शेवटी डॉट जेपीजी नाही, डॉट पीडीएफ नाही. दुहेरी क्लिक केलं तर विंडोज विचारतं, कशाने उघडू? म्हणून लोक समजतात की इथे वाचण्याजोगं काही नाही. तसं नाही. विंडोजवरचा क्रोम १६ किलोबाइटपेक्षा मोठा तुकडा वेगळ्या फाइलीत ठेवतो, आणि चित्र किंवा पीडीएफ असेल तर ते बहुधा जसंच्या तसं असतं. फाइलीच्या सुरुवातीचे बाइटच तिची जात सांगतात. पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ या तीन अक्षरांनी होते. प्रत काढून तिला योग्य शेपूट लावलं की ती सरळ उघडते. एवढेही कष्ट नकोत तर निर सोफर यांच्या निरसॉफ्टचा ‘क्रोमकॅशेव्ह्यू’ हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम आहे. कॅशेतली प्रत्येक फाइल कुठल्या पत्त्यावरून आली, कधी आली, कोणत्या प्रकारची आहे, याची यादीच तो मांडतो. फायरफॉक्समध्ये तर पत्त्याच्या पट्टीत अबाउट, कोलन, कॅशे असं लिहिलं की ब्राउझर स्वतःच हिशेब दाखवतो. याचा चांगला उपयोगही होतो. एखाद्या संकेतस्थळावरून काढून टाकलेलं छायाचित्र कॅशेत जिवंत सापडू शकतं, आणि तपास करणारे लोक कॅशे तपासतात ते उगीच नाही. पण तेच दार दुसऱ्याच्या संगणकावर आपल्या कागदांकडेही उघडतं.

कॅशेवरून पाळत ठेवण्याचा आणखी एक मार्ग एडवर्ड फेल्टन आणि मायकेल श्नायडर या संशोधकांनी २००० साली दाखवला होता. एखादा तुकडा तुमच्याकडे आधीपासून असेल तर तो चटकन उघडतो, नसेल तर वेळ लागतो. तेवढा वेळ मोजून एक संकेतस्थळ ओळखू शकतं की तुम्ही दुसरं कोणतं संकेतस्थळ पाहून आलात. यावरचा उपाय सर्वांपर्यंत पोचायला वीस वर्षं गेली. क्रोमने २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने जानेवारी २०२१ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाचा डबा वेगळा केला, त्यामुळे आता एकाला दुसऱ्याच्या डब्यात डोकावता येत नाही.

आता दुकानाकडे परत येऊ, कारण माझी खरी काळजी तिथली आहे. कॅशेबद्दल इतकं सांगितल्यावरही मला वाटतं की अर्ज भरून देणाऱ्या संगणकावर सगळ्यात मोठा धोका कॅशे नाहीच. धोका आहे ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरचा. तो लपलेला नाही, त्यातल्या फाइलींना नावं आहेत आणि ब्राउझरची कोणतीही सफाई त्याला हात लावत नाही. डाउनलोडची यादी पुसली तरी फाइल जागेवर असते. तुमचं ई-आधार तिथे उतरवलेलं असतं. त्या पीडीएफला पासवर्ड असतो हे खरं, पण तो कसा बनतो हे सगळ्यांना माहीत आहे: नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्माचं साल. शेजारीच तुमचा अर्ज पडलेला असेल तर त्यात नावही आहे आणि जन्मतारीखही. म्हणून जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तिथे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळणारी झाकलेली प्रत द्यावी. तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

दुसरं, कुकी. तुम्ही लॉगइन झालेले आहात ही आठवण संकेतस्थळ तिच्यात ठेवतं. लू माँट्युली या अभियंत्याने १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये ती आणली. कॅशे पुसला आणि कुकी राहिली तर तुमचं जीमेल त्या संगणकावर उघडंच राहतं. २०१८ पासून क्रोममध्ये एक भर पडली आहे. जीमेल उघडताना ब्राउझरही तुमच्या खात्याला जोडला जाऊ शकतो. दुकानात प्रिंटसाठी जीमेल उघडलंच तर बाहेर पडताना लॉगआउट करा. विसरलात तर घरी येऊन मोबाइलवर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात उपकरणांची यादी बघा आणि त्या संगणकाला तिथून बाहेर काढा. व्हॉट्सअ‍ॅप वेबचंही तसंच. मोबाइलवरच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये दुकानाचा संगणक दिसत असेल तर तुमचे निरोप तिथे अजून पोचतायत असं समजा आणि लगेच तोडा.

तिसरी गोष्ट, ऑटोफिल. नावाच्या रकान्यात पहिलं अक्षर लिहिलं की खाली दहा नावं, दहा मोबाइल क्रमांक उलगडतात. ती सगळी आधी येऊन गेलेल्या माणसांची. हे कॅशेतही नाही, कुकीतही नाही, वेगळ्याच ठिकाणी साठतं.

हे सगळं ज्या एका चौकटीतून पुसता येतं ती क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्हींत कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या बटणांनी उघडते. तिच्यात दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे मुदत. ती ‘मागचा एक तास’ अशी असेल आणि तुमचं काम दोन तास चाललं असेल तर अर्धं तसंच राहील. दुसरी म्हणजे कशासमोर खूण आहे. हिस्ट्री, कुकी, कॅशेतली चित्रं आणि फाइली, ऑटोफिल, हे रकाने वेगवेगळे आहेत. दुकानातून निघताना सगळ्यांसमोर खूण हवी. आणि मग हाताने डाउनलोड्स आणि रिसायकल बिन.

यापेक्षा सोपी वाट काम सुरू होण्याआधीच धरता येते. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबलं की इन्कॉग्निटो खिडकी उघडते. तिचा कॅशे डिस्कवर जात नाही, मेमरीतच राहतो आणि इन्कॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की कुकींसकट नाहीसा होतो. एक जरी उघडी राहिली तरी नाही. उतरवलेल्या फाइली मात्र इथेही डाउनलोड्समध्ये राहतात. आणि इन्कॉग्निटोमुळे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला किंवा संकेतस्थळाला तुम्ही दिसेनासे होता, असं अजिबात नाही.

सायबर कॅफेत स्वतः बसून काम करणाऱ्यांनी कायद्याची एक बाजूही ध्यानात ठेवावी. केंद्र सरकारच्या २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार कॅफेवाल्याला ग्राहकाचं ओळखपत्र पाहून नोंद करावी लागते, आणि त्याच्या संगणकांवरून कोणती संकेतस्थळं उघडली गेली याची नोंद किमान एक वर्ष सांभाळावी लागते. म्हणजे पत्त्यांची नोंद राहणं हा कायद्याचाच भाग आहे. तुमची मार्कशीट, सही आणि फोटो मात्र कोणत्याही नियमाने तिथे राहायला नको आहेत.

घरच्या संगणकाची गोष्ट अगदी उलटी आहे. तिथे रोज कॅशे पुसणारे लोक स्वतःचंच काम हळू करून घेतात. पुसल्यानंतर प्रत्येक संकेतस्थळ पहिल्यांदा उघडल्यासारखं सगळे तुकडे पुन्हा मागवतं. कॅशे अनंत वाढतही नाही. ब्राउझर त्याला मर्यादा घालतो आणि जागा भरत आली की बऱ्याच दिवसांत न वापरलेले तुकडे स्वतःच काढतो. ‘संगणक तिप्पट वेगवान करा’ म्हणणाऱ्या सफाईच्या प्रोग्रॅमांना म्हणूनच घरात घेऊ नये. घरच्या कॅशेला हात लावायची वेळ येते ती एखादं संकेतस्थळ सुधारणेनंतर मोडकं दिसायला लागलं, बटणं चालेनाशी झाली आणि कंट्रोल-एफ-५ नेही भागलं नाही तेव्हा. तेव्हाही फक्त कॅशेतल्या चित्रांसमोर खूण करावी. कुकी पुसल्या तर सगळीकडून लॉगआउट व्हाल.

घरचा संगणक विकताना मात्र नुसती कॅशेची सफाई पुरत नाही. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जुना लॅपटॉप देऊन नवा घेणारे बरेच असतात. फाइल पुसली म्हणजे विंडोज तिची नोंद काढतं. जुन्या फिरत्या डिस्कवर तिची अक्षरं दुसरं काही वर लिहिलं जाईपर्यंत तशीच असतात आणि परत मिळवून देणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. एसएसडीवर ती सहसा लवकर नाहीशी होतात, पण भरवशावर राहू नये. विंडोजच्या रिसेटमध्ये ‘सगळं काढा’ निवडल्यावर डिस्क नीट पुसण्याचा वेगळा पर्याय असतो. तो निवडावा, कितीही तास लागले तरी.

शेवटी दुकानदारांना एक विनंती. तुमच्या भरवशावर शहरातली मुलं आपले मूळ कागद सोपवतात. प्रत्येक ग्राहकानंतर हाताने सफाई करायला तुम्हाला वेळ नाही, हे मान्य. पण फायरफॉक्स आणि एज या दोन्हींत ब्राउझर बंद होताच कॅशे, कुकी, हिस्ट्री आपोआप पुसली जावी अशी सोय सेटिंग्जमध्ये आहे, आणि क्रोममध्ये पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ खिडकी आहे, ती बंद केली की उतरवलेल्या फाइलींखेरीज काही उरत नाही. एकदा पाच मिनिटं देऊन ही सोय लावून घ्या आणि संध्याकाळी शटर ओढण्याआधी डाउनलोड्स रिकामा करा. आणि अर्ज भरायला जाणाऱ्यांनो, प्रिंट हातात आली की लगेच उठू नका. “भैया, माझ्या फाइली डाउनलोड्समधून काढा” असं सांगा आणि त्या निघेपर्यंत खुर्ची सोडू नका.